फुटपाथची किंमत

बॅरिस्टर अंतुले हे नाव महाराष्ट्रातील मुसलमानांच्या घरात अजून अभिमानाने घेतले जाते. कोकणातल्या आंबेतचा मुलगा १९८० साली राज्याचा मुख्यमंत्री झाला आणि त्याच वर्षी संजय गांधी निराधार योजना निघाली. एवढे आम्ही वर्गात सांगतो. त्यापुढचे वर्ष मात्र गाळतो.

१३ जुलै १९८१ रोजी अंतुलेसाहेबांनी जाहीर केले की, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना जबरदस्तीने हटवून त्यांच्या गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. पावसाळ्यात त्यांचे हाल होतात, हे जिणे अमानुष आहे, असे कारण दिले गेले. हाल होत होते हे खरेच. पण ऐन पावसात छप्पर काढून घेणे हा कसला इलाज?

पत्रकार ऑल्गा टेलिस आणि दोन फुटपाथवासी न्यायालयात गेले. त्या निकालपत्रात गरिबांचा जो हिशेब आहे, तो आम्हाला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडला नाही. एक जण संगमनेरचा चांभार. गावी दिवसाला सात-आठ रुपये मिळत, घर पडले, म्हणून १९६९ साली मुंबईला आला. महिना साडेतीनशेवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरील जागेसाठी गुंडाला तीनशे रुपये दिले, बांबू-प्लास्टिकला सातशे लागले. दुसरा सेलमचा भूमिहीन मजूर. त्याच्याकडून झोपडीदादाने अडीच हजार उकळले होते. रासायनिक कारखान्यात तो रोज तेवीस रुपये मिळवी. म्हणजे ही माणसे कामावर होती आणि फुटपाथचीही किंमत मोजत होती. ती फक्त सरकारकडे जमा होत नव्हती.

२३ जुलैला सेलमवाल्याची झोपडी पाडून त्याला कुटुंबासह गावाकडच्या बसमध्ये बसवले. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामासाठी परतला आणि पुन्हा फुटपाथवरच आला. जकातीच्या हकदारांत मिस्कीनही आहे आणि मुसाफिरही. हा बिचारा दोन्ही होता, त्याची जात-धर्म काही का असेना.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग, हे त्यातले वाक्य परीक्षेत हमखास येते. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र कोणाला नाही आणि झोपड्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, हटवू नयेत, हा भाग परीक्षेत येत नाही. १९७६ च्या गणतीचे ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा मिळणार होती. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांचे काय?

त्याच १९८५ मध्ये स्पार्क संस्थेने मुंबईतील फुटपाथवासीयांची पाहणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबे, सत्तावीस हजार माणसे मोजली गेली. पुढल्या वर्षी भायखळ्याच्या फुटपाथवरील बायांनी ‘महिला मिलन’ उभारले. त्यांत मुसलमान बायाही होत्या. रोजच्या कमाईतून त्या घरासाठी पैसे साठवू लागल्या. त्यांच्याविषयी आमच्या जलशांत अद्याप कोणी बोललेले आम्ही ऐकले नाही.