वसई प्रांतांतील आमची मराठी शाळा

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे देवालयाचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, याचा वृत्तांत लिहिण्याचा आपल्यांत प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु देवालयाच्या सावलींत कौलारू छपराची जी आणखी एक इमारत बहुधा उभी असते, तिच्या वांट्याला अशा पुस्तिकेंत दोन ओळीच येतात. ती इमारत म्हणजे मराठी प्राथमिक शाळा. वसई प्रांतांतील ख्रिस्ती समाज आज जो कांहीं आहे, तो जितका देवालयानें घडविला तितकाच या शाळेनें घडविला, असें आमचें मत आहे. हें मत केवळ ममतेचें नसून इतिहासाच्या आधाराचें आहे, हें दाखविण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

सन १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्सिस्कन व येशूसंघीय मिशनरी येथें येऊन राहिले. येशूसंघीयांच्या विद्यालयाचे अवशेष वसईच्या किल्ल्यांत आजही दिसतात. त्यांच्याच हाताखालीं शिकलेला वसईचा सुपुत्र गोन्सालो गार्सिया पुढें जपानांत गेला, फ्रान्सिस्कन बंधु झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास संतपद दिलें. या भूमींतील विद्यालयाचें एक फळ वेदीवर विराजमान झालें, ही गोष्ट आपणांस भूषणावह आहे. तथापि तीं विद्यालयें पोर्तुगीज व लॅटिन भाषांचीं होतीं. गांवोगांवच्या शेतकऱ्याच्या व कोळ्याच्या मुलासाठीं तीं नव्हतीं. त्या मुलास धर्म मिळाला, प्रार्थना मुखोद्गत झाल्या, परंतु अक्षर क्वचितच मिळालें.

मराठीची थोरवी त्या काळच्या मिशनऱ्यांस ठाऊक नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयानें आपलें ख्रिस्तपुराण मराठी ओवींत रचिलें व १६१६ सालीं तें गोमंतकांत छापलें गेलें. पण तें छापलें गेलें रोमन अक्षरांत. देवनागरी लिपींत त्याची आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास काढली, ती १९५६ सालीं. म्हणजे तब्बल ३४० वर्षांनीं. भाषा आपली, विषय आपल्या प्रभूचा, परंतु शेजारचा हिंदु बांधव ज्या लिपींत वाचीत असे ती लिपि आपल्या या ग्रंथास नव्हती. ही लिपीची भिंत पुढें कोणीं पाडली, हाच आमच्या कथेचा मुख्य भाग आहे.

सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई सर केली. पोर्तुगीज सत्ता गेली, आणि पुढें मुख्यत्वें एतद्देशीय धर्मगुरूंनीं विखुरलेला कळप राखला. त्या काळीं गांवांत शिक्षण म्हणजे पंतोजीची शाळा. कोणाच्या तरी ओसरीवर ती भरे. धूळपाटीवर अक्षरें गिरवावीं, बोरूनें कित्ता काढावा, मोडी वाचावी, पावकी, निमकी, सवायकी व दिडकी एका सुरांत घोकावी, असा तिचा क्रम असे. पंतोजीस मोबदला म्हणून धान्य व सणावारीं कांहीं दक्षिणा मिळे. जमाखर्च मांडतां आला व पत्र लिहितां आलें कीं शिक्षण पुरें झालें. तेथें मुख्यत्वें व्यापाऱ्यांचीं व कारकुनी पेशाच्या घरांतील मुलें जात. नांगर किंवा जाळें धरणाऱ्याचें मूल त्या ओसरीवर विरळाच दिसे, आणि मुलीचें तर नांवच नको.

पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या आश्रयाखालीं १८२२ सालीं मुंबईंत हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी निघाली. जॉर्ज जर्व्हिस हा तिचा चिटणीस. मराठींत छापील शाळापुस्तकें तयार करणें व शिक्षकांस शिकवून जिल्ह्यांत पाठविणें, हीं दोन कामें या मंडळीनें केलीं. १८२६ सालीं असे शिक्षक प्रथम बाहेर पडले. पुढें १८५४ सालीं चार्ल्स वुडचा खलिता आला. त्यानें खाजगी व मिशनरी शाळांसही सरकारी अनुदानाचा मार्ग खुला केला. १८५५ सालीं मुंबई इलाख्याचें विद्याखातें स्थापन झालें.

परंतु शाळा चालते ती पैशावर, आणि तो पैसा कोणाचा, हें जाणणें अगत्याचें आहे. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागें एक आणा जादा पट्टी घेण्यास आरंभ झाला. हाच लोकल फंड. त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावीत. म्हणजे भात पिकविणारा व केळी लावणारा शेतकरी शाळेसाठीं कर भरीत होता, मग त्याचें मूल शाळेंत असो वा नसो. या विषमतेवर १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें बोट ठेविलें. रयतेच्या करावर वरिष्ठ वर्गांचें शिक्षण चालतें, प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें, आणि शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतूनच घ्यावे, असें त्यांचें मागणें होतें. जोतीराव आपल्या धर्माचे नव्हते. तरी आपल्या वाडवडिलांची कैफियत त्यांच्याइतक्या स्पष्टपणें त्या वेळीं कोणीं मांडली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

अनुदानाची वाट व लोकल फंडाची वाट, या दोन वाटांनीं अक्षर आपल्या आळींत शिरलें. कोठें देवालयाच्या आवारांत शाळा निघाली, कोठें लोकल बोर्डाची. बिगरींत मुलाचें नांव दाखल होई. पाटी, लेखणी, उजळणी, आणि वर्षांतून एकदां डिपोटीसाहेबांची तपासणी. परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरत असे त्या काळांत तर तपासणीचा दिवस मास्तरांस न्यायनिवाड्याच्या दिवसासारखा वाटत असल्यास नवल नाहीं. भातलावणी आली कीं वर्ग ओस पडत. मुलींना धाकट्या भावंडांसाठीं घरीं ठेवीत. मराठी सातवींतून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन जो उतरला, तो स्वतः मास्तर होण्यास पात्र ठरे. अशा रीतीनें ज्या घरांत आजोबा अंगठा उठवीत, त्याच घरांत नातू शिक्षक झाला. शेतकऱ्याच्या मुलास शेतकऱ्याच्या मुलानें शिकवावें, ही जोतीरावांची अपेक्षा आमच्याकडे या वाटेनें पुष्कळ अंशीं फळास आली.

आणखी एक गोष्ट या शाळेनें केली. आपल्या लोकांच्या घरांत कोणाची सामवेदी बोली, कोणाची वाडवळी, कोणाची कोळी. या बोली गोड आहेत, आणि त्या टिकल्या पाहिजेत. परंतु एका आळीचा मनुष्य दुसऱ्या आळीशीं, ख्रिस्ती मनुष्य हिंदु शेजाऱ्याशीं, आणि वसईचा मनुष्य पुण्या-नागपूरच्या मनुष्याशीं ज्या भाषेंत समान भूमीवर उभा राहूं शकतो, ती प्रमाण मराठी त्यास शाळेच्या बाकावर मिळाली. आपण या महाराष्ट्राचे आहोंत, ही जाणीव त्यास तेथेंच लिहितां-वाचतां आली.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मात्र रेंगाळत आला. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं नगरपालिकांस सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षणाचा भार स्थानिक संस्थांकडे दिला, व १९४७ सालीं नवा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १९५० च्या राज्यघटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण दहा वर्षांत देण्याचा संकल्प सांगितला. १९६२ पासून लोकल बोर्डांची जागा जिल्हा परिषदांनीं घेतली. शिक्षणाचा हक्क कायद्यानें प्रत्यक्ष लागू झाला, तो १ एप्रिल २०१० रोजीं. राज्यघटनेनेंच अल्पसंख्य समाजास आपल्या शाळा चालविण्याचा हक्क दिला, आणि त्याबरोबर सरकारमान्य शाळेंत कोणत्याही मुलास त्याच्या पालकांच्या संमतीवांचून धर्मशिक्षण देऊं नये, असाही दंडक घातला. दोन्ही गोष्टी न्याय्य आहेत. त्यामुळें शाळा आपल्या शेजाऱ्यांच्या मुलांसही निःशंक उघडी राहिली.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें उपासनाविधीसंबंधीं आपला लेख प्रसिद्ध केला, व मिस्सेंत लोकभाषेस स्थान दिलें. लॅटिनच्या जागीं मराठी आली. वाचनें मराठींत, प्रार्थना मराठींत, गीतें मराठींत होऊं लागलीं. परंतु विचार करा, परिषदेनें अनुज्ञा दिली तरी वाचावें कोणीं? देवनागरी पुस्तक हातीं घेऊन वेदीजवळ उभा राहून शुद्ध वाचणारा शेतकरी, बागायतदार, मासेविक्री करणारी भगिनी, हीं माणसें एका रात्रींत निर्माण होत नसतात. त्यांची तयारी आमच्या मराठी शाळांनीं आधींच करून ठेविली होती. पाटीवर जें गिरविलें तें वेदीवर उपयोगास आलें. याच मातींतून, नंदाखालसारख्या गांवांतून, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढें आले. त्यांनीं संपूर्ण बायबल सुबोध मराठींत दिलें, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. ख्रिस्तपुराणाच्या वेळची लिपीची भिंत ती हीच. शाळेनें ती अशी पाडली.

आज ही शाळा कठीण काळांतून जात आहे. पालक मुलांस इंग्रजी माध्यमांत घालतात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. नोकरीची भाषा कोणती, हें त्यांनीं अनुभवानें ओळखिलें आहे, आणि आपल्या पाल्याचें कल्याण इच्छिणें हा त्यांचा हक्क व धर्म आहे. परंतु त्याचा एक परिणाम आम्हांस दर रविवारीं दिसतो. चुणचुणीत मुलगा वाचनासाठीं पुढें येतो, पण मराठी वाचन इंग्रजी अक्षरांत लिहून आणतो. चारशें वर्षांपूर्वीं ख्रिस्तपुराण जेथें होतें, तेथेंच आपण परत चाललों आहोंत कीं काय, अशी शंका मनास चाटून जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आम्हांस आनंद आहे. पण दर्जानें मुलास बाराखडी येत नाहीं.

यास्तव महोत्सवाच्या या वर्षीं आमचें मागणें मोठें नाहीं. ज्यांस शक्य आहे त्यांनीं मराठी शाळेच्या पटावर मूल घालावें. ज्यांस तें शक्य नाहीं त्यांनीं घरीं जपमाळेनंतर पंधरा मिनिटें देवनागरींत शुभवर्तमान मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. धर्मशिक्षणाच्या वर्गांनीं प्रार्थना केवळ पाठ न घेतां लिहूनही घ्याव्या. आणि जे या शाळेच्या बाकावरून उठून मोठ्या हुद्द्यांवर पोंचले, त्यांनीं तिच्या छपराची, ग्रंथालयाची व शिक्षकांची विचारपूस करावी. आपल्या वाडवडिलांनीं आण्याची पट्टी भरून हें अक्षर विकत घेतलें होतें. तें आपल्या हातून फुकट जाऊं नये, एवढी बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.