शेवटचे दोन आकडे
१९७० मध्ये जॉन कॉनवेने 'गेम ऑफ लाइफ' मांडला. जिवंत चौकटीला दोन-तीन जिवंत शेजारी असतील तर ती जगते. रिकामीला नेमके तीन असतील तर ती जिवंत होते. बस्स!

तीन चौकटींची ओळ आडवी-उभी होत राहते: आवर्तन २. 'पल्सार'चं ३. मग प्रत्येक आकड्याची नक्षी असेल का?

गंमत म्हणजे मोठे आकडे आधी सुटले. १९९६ मध्ये डेव्हिड बकिंगहॅमने ६१ पासून पुढचे सगळे मिळवले: आकृती बंद वाटेवर फिरवायची, वाट लांबवली की आवर्तन वाढतं. छोट्या आकड्यांत ती वाटच मावेना. १९ आणि ४१ सर्वांत शेवटी, २०२३ मध्ये सापडले.

कॉनवे एप्रिल २०२० मध्येच कोविडने गेले. चार ओळींचा कोड, आणि एका प्रश्नाला ५३ वर्षं!