बटणावरची खूण आणि पडद्यावरची खूण

चिन्हक आणि चिन्हित यांच्यातील नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे विधान भाषाविज्ञानाच्या वर्गात आम्ही दरवर्षी सांगतो. ‘झाड’ या ध्वनींत झाडासारखे काही नाही, असे नेहमीचे उदाहरण देतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. यादृच्छिक असलेली खूण ठरवते कोण आणि ती न ठरवणाऱ्यांनी काय करायचे, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. या प्रश्नाचा एक लहानसा पण बोलका इतिहास संगणकावरच्या खेळांत दडलेला आहे.

आकुर्डी-निगडीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना त्यातील अडचण ठाऊक आहे. पडद्यावर सूचना उमटते : ‘ए दाबा’. हातातल्या कंट्रोलरवर मात्र ए नावाचे बटण नाही; तेथे त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन आहेत. बटण दाबले की खेळ व्यवस्थित चालतो. यंत्राचे यंत्राशी जुळलेले असते. वाचणाऱ्याचे तेवढे जुळत नाही.

ही विसंगती आली कोठून? निन्टेन्डोने 1983 मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या कंट्रोलरवर ए आणि बी अशी दोन बटणे होती; ए उजवीकडे, बी त्याच्या डावीकडे. 1990 च्या सुपर फॅमिकॉमवर चार बटणे चौफुलीसारखी मांडली गेली : उजवीकडे ए, खाली बी, वर एक्स, डावीकडे वाय. सेगाच्या 1998 च्या ड्रीमकास्टवर हीच चार अक्षरे आली, पण ए खाली आणि बी उजवीकडे. 2001 मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरही ए खालीच राहिला. अक्षरे तीच, जागा मात्र उलट.

सोनीने 1994 मध्ये प्लेस्टेशन आणताना अक्षरेच टाळली. रचनाकार तेइयू गोतो यांनी नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार त्रिकोण म्हणजे दृष्टीची दिशा, चौकोन म्हणजे कागद, वर्तुळ म्हणजे होय आणि फुली म्हणजे नाही. जपानी शाळेत बरोबर उत्तरावर वर्तुळ काढतात, म्हणून तेथे हा संकेत स्वाभाविक होता. युरोप-अमेरिकेतील खेळांत मात्र फुलीच बहुधा ‘होय’ झाली, आणि 2020 च्या प्लेस्टेशन 5 पासून जपानमध्येही यंत्राच्या पातळीवर फुलीलाच ‘होय’ मानले गेले. आपल्याकडे चुकलेल्या शब्दाभोवती गोल काढण्याची मास्तरांची रीत आहे, आणि उत्तरपत्रिकेवरच्या एकट्या वर्तुळाला आपण ‘भोपळा’ म्हणतो. एकाच आकृतीला एका देशात शाबासकी आणि दुसऱ्या देशात भोपळा! यादृच्छिकतेचे याहून सोपे उदाहरण आम्हाला अद्याप सापडलेले नाही.

घरच्या संगणकावर या खुणांची खरी गाठ पडली. 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 आला आणि त्याबरोबर विंडोजवर ‘एक्सइनपुट’ ही पद्धत आली. त्यापूर्वी प्रत्येक कंट्रोलरची बटणे खेळाला वेगवेगळी ओळखावी लागत. आता एकच साचा ठरला, पण तो एक्सबॉक्सचा. दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर जोडायचा, तर मधल्या एखाद्या प्रणालीने त्याला एक्सबॉक्सचे सोंग देऊन उभे करावे लागे. खेळाला सोंगच दिसते, म्हणून तो सोंगाच्याच खुणा दाखवतो. यात बिघाड काहीच नाही. गृहीतक मात्र आहे.

या गृहीतकावर वापरणाऱ्यांनीच प्रथम उपाय शोधले. खुणांची चित्रे खेळाच्या ज्या फायलींत असत, त्या बदलून आपल्या कंट्रोलरची चित्रे तेथे बसवण्याचा उद्योग हौशी मंडळींनी चिकाटीने केला. काही खेळांनी ‘बटणांच्या खुणा निवडा’ असा पर्याय स्वतःच दिला. स्टीम या वितरणव्यवस्थेने 2015 मध्ये स्वतःचा कंट्रोलर आणला, 2016 च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन 4 च्या कंट्रोलरला आधार दिला, आणि हातात कोणते यंत्र आहे हे विचारून त्याच्या खुणा मिळवण्याची सोय खेळ रचणाऱ्यांसाठी केली. ती वापरायची की नाही, हे मात्र रचणाऱ्यावरच राहिले. म्हणून आजही काही खेळ वाचकाची लिपी ओळखतात, काही ओळखत नाहीत.

चाकणला असे दुसरे एक उदाहरण रोज रस्त्यावर धावते. फोक्सवॅगनचा तेथील कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. मारुतीच्या जपानी वळणाच्या गाडीत वळणाचा दिवा लावण्याचा दांडा सुकाणूच्या उजवीकडे असतो. चाकणच्या पोलोत तो युरोपीय रीतीने डावीकडे. एकीची सवय झालेला हात दुसरीत वळताना दिव्याऐवजी काचेवरचा वायपर चालू करतो. दांड्यावरच्या आकृत्या आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार सारख्याच असतात. जागा सारख्या नसतात. ए आणि बी यांचा तंटा तो हाच.

मराठीच्या अभ्यासकाला मात्र या साऱ्यात आपलीच कहाणी ऐकू यावी. कळफलकावर छापलेली अक्षरे रोमन आणि पडद्यावर हवी देवनागरी, हा पेच आपण कित्येक वर्षे जगत आलो आहोत. ‘कमल’ हा शब्द घ्या. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये निश्चित केलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत तो के, सी, एन या कळांनी उमटतो. रेमिंग्टन टंकयंत्राच्या वळणाच्या ‘कृतिदेव’ टंकात तोच डी, ई, वाय या कळांनी. तो टंक समोरच्या संगणकावर नसेल, तर पडद्यावर कमल नाहीच. तेथे रोमन डी-ई-वाय उभे राहतात. देवनागरी ही केवळ वरची चित्रे होती, आत साठवलेला मजकूर रोमनच होता. पुण्याच्या सी-डॅकमधील जिस्ट गटाचे काम, 1991 चे इस्की मानक आणि त्याच वर्षीचा युनिकोड यांनी अक्षराला स्वतःचा संकेतांक दिला, तेव्हा कोठे आतले आणि बाहेरचे एक होऊ लागले.

तरीही चित्राचा प्रश्न उरलाच. युनिकोडमध्ये ‘ल’ला संकेतांक एकच, पण त्याची मराठी घडण वेगळी आणि हिंदी घडण वेगळी. ‘श’चेही तसेच. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी ठरवून दिले. परंतु कागदावर काय उमटेल, हे शासननिर्णय ठरवत नाही, टंक ठरवतो. आणि संगणकासोबत आलेल्या अनेक टंकांत गृहीत धरलेला वाचक हिंदीचा होता. मजकूर मराठी आहे हे ओळखून मराठी घडण दाखवण्याची सोय आजच्या टंकतंत्रात आहे. ती भरायची की नाही, हे टंक घडवणाऱ्यावर अवलंबून. स्टीमच्या खुणांची गोष्ट अक्षरशः हीच आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे : सराव झाला की खुणांकडे पाहतो कोण? सराईत टंकलेखक कळांकडे पाहत नाही, सराईत खेळाडू पडद्यावरची सूचना वाचत नाही. आक्षेप खरा आहे, आणि त्यातच या दुर्लक्षाचे कारण सापडते. यंत्र रचणारे आणि विकत घेणारे बहुधा सराईतच असतात. त्यांच्या बोटांना जागा पाठ असतात, म्हणून खूण त्यांना गौण वाटते. खूण असते नवख्यासाठी. आमच्या संगणककक्षात मराठी परिच्छेद टंकायला प्रथमच बसलेली विद्यार्थिनी कळफलकावर ‘क’ शोधते आणि तिला तो कोठेही दिसत नाही. पुढे तिची बोटे शिकतील. पण पहिल्या तासाला तिने जे वाचले, ते असे की येथे आपली अपेक्षा कोणी केलेली नव्हती.

आपल्या पसंतीच्या खुणा पडद्यावर दिसाव्यात, हा खेळाडूंचा हट्ट म्हणूनच क्षुल्लक मानता येत नाही. खुणा यादृच्छिक असतील, तर त्या बदलता येतात. आणि बदलता येत असूनही बदलल्या जात नसतील, तर तो यादृच्छिकतेचा नव्हे, निवडीचा भाग असतो. सोस्यूर शिकवताना एवढे पुढचे वाक्यही आता वर्गात सांगायला हवे.