आठ आण्यांचे कुत्रे

१८३२ साली मुंबईत कुत्र्यांवरून दंगा झाला होता, असे सांगितले की ऐकणाऱ्याला आधी हसू येते. प्रथम वाचले तेव्हा मलाही आले होते. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून जुनी गॅझेटियरे आणि मुंबईविषयीची पुस्तके वाचत आलो, टिपणे काढत आलो, इतकाच माझा अधिकार. मात्र या एका प्रकरणाची टिपणे काढताना माझे हसू लवकरच ओसरले. त्याचे कारण पुढे सांगणार आहे.

आधी घटना पाहू. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेच हे वर्ष. मुंबई तेव्हा मुख्यतः कोटाच्या आत आणि त्याच्या आजूबाजूला वसलेली होती. भटकी कुत्री मारण्याचा सरकारी नियम १८१३ पासून होता, पण ती मुभा वर्षातल्या ठरावीक उष्ण दिवसांपुरतीच असे. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, ही त्या काळची समजूत. १८३२ मध्ये या मोहिमेची मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते.

सरकारची भीती खोटी नव्हती, हे आधीच सांगायला हवे. पाश्चरची लस यायला अजून ५३ वर्षे होती. पिसाळलेले कुत्रे चावून एकदा रोगाची लक्षणे दिसली की मरण ठरलेले, आणि ते मरण कसे असते हे पाहिलेला माणूस ते विसरत नाही. अडचण आठ आण्यांनी केली. पिसाळलेले कुत्रे शोधायचे तर धोका पत्करावा लागतो. ओसरीवर निजलेले, हाक मारली की शेपूट हलवत येणारे कुत्रे बिनधोक हाती लागते. बक्षीस दोन्हींना सारखेच. त्यामुळे मारेकरी घराघरांतली पाळलेली कुत्रीही उचलू लागले, अशी तक्रार होऊ लागली.

६ जूनचा दिवस पारशांच्या सणाचा होता. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान फार वरचे. मृतदेहापाशी कुत्रा आणून त्याची नजर प्रेतावर पडू देण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग. ‘वेंदिदाद’ या त्यांच्या ग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्यासाठी शिक्षा सांगितल्या आहेत. त्या दिवशी कोटात कुत्री मारणाऱ्या पोलीस शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. त्यात पारशांबरोबर जैन, हिंदू आणि काही मुसलमानही होते. जैनांची अहिंसा तर उघडच आहे, आणि दत्ताच्या पायाशी व खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रे पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नव्हते. कुलाब्याच्या लष्करी छावणीला जाणारी रसद अडवली गेली. तेव्हा मात्र सरकार हलले. जमावाने पांगावे असा कायदेशीर इशारा वाचून दाखवण्यात आला, लष्कर बोलावले गेले, धरपकड झाली, खटले चालले.

मग जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे शेठ पुढे झाले. दंग्याबद्दल खेद, राजनिष्ठेची ग्वाही आणि कुत्री मारू नयेत ही विनंती, असा अर्ज सरकारकडे गेला. तडजोड अशी निघाली की कुत्री मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर पाठवावीत. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. ती आजही आहे.

येथपर्यंतची हकिगत सरकारचा क्रूरपणा आणि लोकांची दया अशी सरळ मांडता येते. कित्येक वर्षे मीही ती मित्रमंडळीत तशीच सांगत असे. पण माझ्या लहानपणीची एक गोष्ट त्या मांडणीत बसेना.

आमचे गाव तालुक्याचे. मी तिसरीत असताना आमच्या आळीतल्या एका मुलाला कुत्रे चावले. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लशीची पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा तो काळ. घरच्यांनी आधी मांत्रिक केला, जखमेवर मिरची बांधली. महिन्याभराने तो मुलगा गेला. शेवटचे दोन दिवस पाण्याचा पेला समोर आणला की तो कसा ओरडे, ते आळीभर ऐकू येत होते. त्याला चावलेले कुत्रे तर चावल्यानंतर तीन-चार दिवसांतच ओढ्याकाठी मरून पडले होते. ते सगळ्यांना माहीत होते.

तरीही मुलगा गेल्यावर कुत्री मारायची गाडी आली. लोखंडी चिमटा आणि विष घातलेले मटणाचे तुकडे घेऊन दोन माणसे आली होती. त्यांना शेपटीमागे पैसे मिळत. कुत्री कुठे बसतात हे दाखवणाऱ्या पोरांना ती दहा पैसे देत. मी शेजारच्या काकूंच्या वाघ्याला हाक मारली. माझ्या हातची भाकरी खाणारा तो कुत्रा, लगेच आला. दहा पैशांच्या मी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. काकूंनी संध्याकाळभर त्याला हाका मारल्या. मी दाराआड उभा होतो. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितले नाही. त्या आता नाहीत.

म्हणून १८३२ च्या कागदांतले आठ आणे वाचले, तेव्हा मला ते दहा पैसे आठवले. जनावर मारणे कधीच योग्य नसते, असे मी म्हणणार नाही. ओढ्याकाठचे ते कुत्रे जिवंत असते, तर ते मारायलाच हवे होते. पण तसे मारताना कुणाला तरी त्या एका जनावराकडे पाहावे लागते, हेच ते, अशी खात्री करावी लागते आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते. बक्षीस ही गरजच काढून टाकते. मग फक्त शेपट्या मोजल्या जातात.

इंग्रज सरकारने हीच पद्धत पुढे रानात नेली. वाघ, बिबटे, लांडगे यांच्या डोक्यांवर बक्षिसे लागली. महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. यांतल्या किती जनावरांनी माणसाला इजा केली होती, हा प्रश्न बक्षीस देणाऱ्या खिडकीवर विचारला जात नव्हता.

पण शेठ लोकांच्या तडजोडीकडेही मला आता वेगळ्या नजरेने पाहावे लागते. शहराबाहेर पाठवलेली कुत्री गेली कुठे? कुठल्यातरी गावाच्या शिवारात. तिथल्या पोरांनाही पाय होतेच, आणि त्यांच्या वतीने अर्ज लिहायला कुणी जमशेटजी नव्हता. कोटातल्या माणसाला मारणेही दिसले नाही आणि चावणेही दिसले नाही. दयेचाही असा एक सोयीचा प्रकार असतो.

हा वाद संपलेला नाही. २००१ च्या नियमांनी भटकी कुत्री सरसकट मारणे थांबवले आणि नसबंदी व लसीकरणाचा मार्ग घालून दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला: लस व नसबंदी करून कुत्री पुन्हा त्याच जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक तेवढी वगळावीत. दोन्ही बाजूंचा आवाज तोच, १८३२ चा. एका बाजूला आपले मूल गमावलेले घर, दुसऱ्या बाजूला दारातले कुत्रे गमावलेले.

या दोघांत निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. पण शेजारच्या गोव्याकडे बोट दाखवता येते. तिथे वर्षानुवर्षे गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली गेली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. साधारण शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे हे शास्त्र सांगते. हे काम कंटाळवाणे आहे. दरवर्षी पुन्हा करावे लागते. त्यात प्रत्येक कुत्र्याला जवळ बोलावावे लागते, धरावे लागते आणि मग सोडून द्यावे लागते.

वाघ्यालाही मी तसेच जवळ बोलावले होते.