‘क्विट इंडिया’मधला ‘क्विट’

१/ ‘चले जाव’ ही घोषणा आपण शाळेपासून ऐकत आलो. मूळ इंग्रजी शब्द मात्र ‘क्विट इंडिया’ असे होते. ‘गो’ आणि ‘लीव्ह’ ही सोपी क्रियापदे हाताशी असताना ‘क्विट’ का? १९४२ च्या मागणीचा नेमका अर्थ समजून घ्यायचा, तर या शब्दाचा इतिहास पाहायला हवा.

२/ लॅटिन ‘क्विएटस’ म्हणजे शांत, निवांत. मध्ययुगीन हिशेबांत त्याला ‘देणे फिटून मोकळा झालेला’ असा अर्थ आला. जुन्या फ्रेंचमार्गे तो शब्द इंग्रजीत पोहोचला. शांततेचा ‘क्वाएट’ आणि आरोपातून मुक्त करणारा ‘अ‍ॅक्विट’ हे त्याचे भाऊबंद. ‘निघून जाणे’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

३/ जमिनीच्या व्यवहारात हा शब्द विशेष रुळला. इंग्लंडात ‘क्विट-रेंट’ भरला, की जमीनधारक इतर सेवांतून मोकळा होई. आपल्याकडे इनामदार सरकारात जी हलकी, ठराविक ‘जुडी’ भरत, तिलाही इंग्रज अधिकारी ‘क्विट-रेंट’च म्हणत. आणि भाडेकरूला जागा रिकामी करायला सांगणारी नोटीस म्हणजे ‘नोटीस टु क्विट’. ताबा सोडा, असा तिचा आशय.

४/ आता १९४२. ‘क्विट इंडिया’ या घोषणेचे श्रेय युसूफ मेहेरअली यांना दिले जाते. ते त्या वर्षी मुंबईचे महापौर होते. ‘गेट आउट’ हा पर्याय गांधीजींनी असभ्य म्हणून नाकारला, अशी हकीकत सांगितली जाते. ८ ऑगस्टला गोवालिया टँक मैदानावर ठराव संमत झाला आणि ९ तारखेच्या पहाटेच नेत्यांची धरपकड सुरू झाली.

५/ काँग्रेस कार्यकारिणीचा १४ जुलैचा वर्धा ठराव येथे महत्त्वाचा आहे. ब्रिटिश सत्तेने जावे याचा अर्थ सर्व ब्रिटिश माणसांनी देश सोडावा असा नाही, हे त्यात स्पष्ट केले होते. हा देश आपले घर मानून समानतेने राहू इच्छिणाऱ्यांनी तर मुळीच नव्हे. जपानी आक्रमण रोखण्यासाठी दोस्त राष्ट्रांचे सैन्य येथे राहण्यासही ठरावाची हरकत नव्हती.

६/ म्हणजे सोडायचा होता तो ताबा. ‘छोडो भारत’ या रूपात हा अर्थ बराचसा टिकतो. ‘चले जाव’मध्ये मात्र माणसाला दाराबाहेर काढल्याचा भास होतो. ही घोषणा लोकांच्या तोंडी सहज बसली, तिचा जोशही निर्विवाद; पण केवळ तिच्यावरून चळवळीला गोऱ्यांचा द्वेष चिकटवणे हा ठरावावर अन्याय आहे.

७/ एक उदाहरण पुरेसे आहे. व्हेरियर एल्विन हे इंग्रज गृहस्थ १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. पुढे त्यांनी मध्य भारतातील आदिवासींमध्ये आयुष्य घालवले. १९४७ मध्ये राज्य गेले. एल्विन राहिले, आणि १९५४ साली भारताचे नागरिक झाले.

८/ मालकी सांगणारा गेला, घर मानणारा राहिला. ‘क्विट’ या क्रियापदाने एवढेच मागितले होते.