ऑक्सिडीकारक ताण व मूल कोशिका

सजीवांच्या कोशिकेत (पेशीत) श्वसनक्रिया चालू असताना ऑक्सिजनापासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे अतिविक्रियाशील पदार्थ सतत निर्माण होत असतात. त्यांना निष्प्रभ करण्याची कोशिकेची क्षमता अपुरी पडली म्हणजे जी असंतुलित अवस्था उद्‌भवते, तिला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. मूल कोशिका म्हणजे स्वतःसारख्या कोशिका निर्माण करणारी आणि प्रसंगी प्रभेदनाने (विशिष्ट कार्यासाठी होणाऱ्या रूपांतराने) रक्त, त्वचा इ. ऊतकांच्या कोशिका घडविणारी कोशिका होय. या ताणाचा मूल कोशिकेवर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. तत्पूर्वी दोन्ही विषयांचे संशोधन सुमारे चार दशके शेजारी राहूनही अलगपणेच चालले होते. नवल हे, की दोहोंचा उगम एकाच क्षेत्रात, प्रारणाच्या (किरणोत्सर्गाच्या) जैव परिणामांच्या अभ्यासात झालेला होता.

अर्जेंटिनी शास्त्रज्ञ रिबेका गर्शमन (१९०३–८६) आणि त्यांचे सहकारी यांनी रॉचेस्टर (न्यूयॉर्क राज्य) येथे उंदरांवर प्रयोग करून १९५४ मध्ये असे प्रतिपादन केले, की उच्च दाबाखालील ऑक्सिजन व क्ष-किरण हे दोन्ही शरीरास एकाच मार्गाने, म्हणजे मुक्त मूलकांच्या (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंच्या वा रेणूंच्या) द्वारा अपाय करतात. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचे कारणही याच मूलकांत शोधले. जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रीडोव्हिच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइडाचे विघटन घडवून आणणारे एंझाइम ओळखल्यावर या विचारास भक्कम आधार मिळाला. पुढे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मूट झीस यांनी १९८५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा रूढ झाली. या सर्व काळात ऑक्सिजनाच्या या अनुजातांकडे केवळ विष म्हणूनच पाहिले गेले.

दुसरीकडे टोराँटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅकलक हे प्रारणाने रक्तोत्पादक कोशिकांची किती हानी होते, हे मोजीत होते. मारक मात्रेत प्रारण दिलेल्या उंदरांना निरोगी अस्थिमज्जेच्या कोशिका टोचल्यावर सुमारे दहा दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर गाठी दिसल्या. अशी प्रत्येक गाठ एकाच कोशिकेपासून वाढते, असे अनुमान त्यांनी १९६१ मध्ये मांडले व १९६३ मध्ये त्यास पुरावा मिळाला. रेमंड स्कोफील्ड यांनी १९७८ मध्ये मूल कोशिकेचे गुणधर्म तिच्या निवासस्थानावर अवलंबून असतात, अशी कल्पना मांडली. त्या निवासस्थानी ऑक्सिजन किती असतो, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ मागेच राहिला.

हायड्रोजन पेरॉक्साइड हा कोशिकेतील संदेशवाहकही असू शकतो, असे १९९५ मध्ये रक्तवाहिन्यांच्या स्नायुकोशिकांत दिसून आले आणि जुना दृष्टिकोन बदलू लागला. मार्क नोबल यांच्या गटाने २००० मध्ये मेंदूतील आधारकोशिकांच्या पूर्वगामी कोशिकांवर प्रयोग केले. ज्या कोशिकांची अंतर्गत अवस्था अधिक क्षपित (ऑक्सिडीभवनाच्या उलट) होती, त्या विभाजन पावत राहिल्या. अधिक ऑक्सिडीभूत कोशिकांचे प्रभेदन झाले. दोन्ही प्रवाहांचा निर्णायक संगम २००४ मध्ये टोकिओच्या केओ विद्यापीठात झाला. एटीएम या जीनातील बिघाडाने मनुष्यात तोल जाणे व प्रारण सहन न होणे ही लक्षणे असलेला आनुवंशिक रोग होतो. केइसुके इतो, तोशिओ सुदा व इतरांना असे आढळले, की हे जीन नसलेल्या उंदरांची अस्थिमज्जा चोवीस आठवड्यांच्या वयानंतर निकामी होते व त्यांच्या मूल कोशिकांत विक्रियाशील ऑक्सिजन वाढलेला असतो. ऑक्सिडीकरणरोधक दिल्यावर त्या कोशिका पुन्हा रक्त निर्माण करू लागल्या. याच गटाने २००६ मध्ये पी-३८ या प्रथिनाच्या द्वारा हा ताण मूल कोशिकांचे आयुष्य मर्यादित करतो, असे दाखविले.

तथापि यावरून ऑक्सिडीकरणरोधक जितके अधिक तितके चांगले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते. फळमाशीच्या अळीत रक्तकोशिकांच्या पूर्वगामी कोशिकांना प्रभेदनासाठी हेच पदार्थ सज्ज करतात, असे उत्पल बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्याने २००९ मध्ये सिद्ध केले. ते कमी केल्यास प्रभेदन लांबते. उंदरांच्या मेंदूतील विभाजनशील मूल कोशिकांत तर त्यांचे प्रमाण मुळातच जास्त असते व स्व-नवीकरणास ते आवश्यक असते, असे २०११ मध्ये आढळले. ऊतक कोणते, हे सांगितल्याविना येथे कोणताही नियम सांगता येत नाही.

या अभ्यासातील मोठी उणीव प्रयोगशाळेच्या हवेतच होती. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो व त्याचा आंशिक दाब पारा-स्तंभाच्या सुमारे १६० मिमी. इतका भरतो. जिवंत उंदराच्या कवटीतील अस्थिमज्जेत २०१४ मध्ये प्रत्यक्ष मापन केले असता तो ३२ मिमी.हून कमी व काही ठिकाणी १० मिमी.च्या आसपास आढळला. तोही हाडालगत नव्हे, तर आतील रक्तकोटरांभोवती सर्वांत कमी होता. म्हणजे मज्जा बाहेर काढताक्षणीच मूल कोशिका अनोळखी वातावरणात येत होत्या. नाळेतील रक्ताच्या रोपणाच्या विकासात प्रमुख वाटा असलेले हॅल ब्रॉक्समायर (१९४४–२०२१) यांच्या इंडियाना विद्यापीठातील गटाने २०१५ मध्ये मज्जा व नाळेचे रक्त यांचे संकलन व पुढील सर्व हाताळणी ३ टक्के ऑक्सिजनात केली. अशा वेळी रोपणक्षम मूल कोशिका कित्येक पटींनी अधिक हाती आल्या. एरवी हवेच्या अल्प संपर्कानेही त्यांचे प्रभेदन सुरू होत असे. एका प्रसूतीत मिळणारे नाळेचे रक्त प्रौढ रुग्णास बहुधा अपुरे पडते, त्यामुळे रुग्णालयांच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता.