मुखत्यार म्हणजे निवडलेला

'मुखत्यार' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याचा अर्थ काय, हा प्रश्न सहसा पडतच नाही. मूळ शब्द अरबी. अर्थ 'निवडलेला', आणि 'ज्याला निवडीची मोकळीक आहे तो' असाही. आपला 'अखत्यार' त्याचाच भाऊबंद. म्हणजे आपण एकाला निवडतो आणि मग आपल्या वतीने निवडायची मोकळीक त्याला देतो. मला यातला दुसरा भाग जास्त धास्तीचा वाटतो.

आमच्या भंडाऱ्याकडे ही गोष्ट जुनीच आहे. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि पुढे इकडे मालगुजारी पद्धत बसवली. एका गावाचे अनेक हिस्सेदार असत. सरकार प्रत्येकाच्या मागे कुठे लागणार? म्हणून त्यांच्यातला एक जण लंबरदार. सर्वांच्या वतीने सारा भरायचा त्याने. गावचा कारभार बघायला मुकद्दम. आणि साहेब बाहेरगावी राहणारे असतील तर त्यांच्याऐवजी गावात 'मुकद्दम गुमास्ता'. प्रतिनिधीचाही प्रतिनिधी! १९५१ मध्ये मालगुजारी गेली. मागे राहिले ते मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव.

लंबरदार गेला तरी दुसऱ्याच्या वतीने सही करणारा माणूस काही गेला नाही. मुखत्यारपत्राचा कायदा १८८२ चा आहे, पण अगदी आटोपशीर. खरे नियम १८७२ च्या करार कायद्यात आहेत, आणि दोन्ही कायदे आजही चालू आहेत.

या कागदाचा कस लागतो तो जमीन जाताना. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं पाण्याखाली जाणार होती. आता एक सातबारा डोळ्यांसमोर आणा. त्यावर चार भावांची नावं. एक गावात, एक नागपूरला, दोघे आणखी लांब. कचेरीचे खेटे घालणार कोण? जो गावात आहे तो. बाकीचे त्याला मुखत्यारपत्र देऊन मोकळे.

पण मोबदला घेणं म्हणजे नुसती रक्कम उचलणं नव्हे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात एक अट होती. मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली प्रकरण कोर्टाकडे पाठवायची मागणी करता येई, पण पैसे उचलताना निषेध नोंदवलेला असला पाहिजे. मुकाट्याने सही केली की तो हक्क गेला. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर असेल, तर मागणीला मुदत फक्त सहा आठवडे. १९८४ च्या दुरुस्तीने २८-अ ही खिडकी उघडली. शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिलं तर त्या आधारे तीन महिन्यांत अर्ज करता येऊ लागला. पण ती शेजाऱ्याच्या लढाईवर अवलंबून. निषेधाची अट २०१३ च्या नव्या कायद्यातही आहे.

आता बघा, त्या भावाने 'निषेध नोंदवून' हे दोन शब्द लिहिले नाहीत, तर हक्क एकट्याचा जात नाही, चौघांचा जातो. त्यात लबाडी असेलच असं नाही. त्याला ठाऊकच नसेल. पण त्याची सही म्हणजे तुमची सही. कायदा मनातलं वाचत नाही.

म्हणून प्रामाणिक माणूस शोधला की काम झालं, असं मला वाटत नाही. प्रामाणिकपणा हवाच, पण तो माणूस कागद वाचणारा हवा, न समजलं तर विचारणारा हवा आणि हिशेब देणारा हवा. मागितल्यावर हिशेब देणं कायद्यानेही त्याच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा मागायला लाजू नये. आपलं काम त्याने परस्पर दुसऱ्यावर सोपवायचं नाही, हाही साधारण नियम. मुकद्दम गुमास्त्याचे दिवस संपले! शिवाय 'सर्व अधिकार' असं मोघम लिहिण्यापेक्षा कोणता गट नंबर, कोणतं काम, पैसे कोणाच्या खात्यात, हे लिहावं. विकण्याचा अधिकार द्यायचा नसेल तर तेही स्पष्ट लिहावं.

आणखी एक. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं. त्याचं भान हरपलं तरीही संपतं. इंग्लंडमध्ये १९८६ पासून भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्या करार कायद्यात तशी सोय नाही. म्हणजे म्हातारपणी ज्या दिवशी त्याची खरी गरज, नेमका त्याच दिवशी तो कागद निकामी. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायचं असेल तर त्याआधीच बोललं पाहिजे.

लंबरदार कोण हे सरकारदरबारी ठरायचं. आपला मुखत्यार आपण ठरवतो. एवढा फरक पडलाय, तर तो वापरूया की.